फ्रेममधला ओंडका

२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७

रजा मंजूर. चार आठवडे! मॅनेजरने कपाळाला आठी न घालता सही केली. अर्ज मी केलाच नव्हता, त्यानेच लिहून माझ्यापुढे सरकवला, हा तपशील गौण.

कारण काय, तर आमच्या बटणांच्या कारखान्यातून गेलेल्या सहा पेट्या परत आल्या. चार भोकांच्या कोटाच्या बटणांत तीन भोकांची निघाली म्हणे. मूठभर बिनभोकांचीही. तपासणीच्या टेबलावर मी बसतो. मी स्पष्ट सांगितलं की भोकं पाडणारं मशीन म्हातारं झालंय. मॅनेजर म्हणाला, मशीनचं मी बघतो, तुम्ही डोळ्यांचं बघा. ऑपरेशन करून या, नाहीतर टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल.

डोळ्यांच्या डॉक्टरने दोन्हीकडे मोतीबिंदू सांगितलाय. सांगणारच. दुकान उघडून बसलाय, भजन करायला थोडाच बसलाय. उजव्या डोळ्याची तारीख ९ दिली आहे.

पण चार आठवडे! आणि २० तारखेला आमच्या फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनाची मुदत. यंदाचा विषय: शिकारी आणि भक्ष्य. तीन वर्षं पहिलं बक्षीस दातांचा डॉक्टर नेतोय. त्याची लेन्स ड्रेनेजच्या पाइपाएवढी आहे, बाकी कला शून्य. माझा फोटो सहा वर्षांत एकदाच लागला, तोही प्रसाधनगृहाकडे जायच्या बोळात, बाणाच्या खाली.

यंदा दाखवतो.

संकल्प: रोज पहाटे चारला उठणे. व्यायाम. गोड बंद (व्यायामाशी संबंध नाही, पण एकदा संकल्प करतोच आहोत तर). बिबट्याने हरीण पकडतानाचा एक फोटो. एकच. पण असा, की दंतवैद्याची दातखीळ बसली पाहिजे.

३ नोव्हेंबर

डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करून ऑपरेशन पुढे ढकललं. रिसेप्शनवालीने कारण विचारलं. कामाचा व्याप, म्हटलं. खोटं काय आहे त्यात?

हिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन. संसारात वेळेला महत्त्व असतं.

४ नोव्हेंबर

चारचा गजर झाला. मी बंद केला. ४.२० ला हिने उठवलं. गाडी हीच चालवते. गेल्या वर्षी मी गाडी एका लेटरबॉक्सला टेकवली, तेव्हापासून किल्ली तिच्या पर्समध्ये असते. मी शेजारी बसून रस्ता सांगतो. तुम्ही नुसते बसा, रस्ता मला दिसतो, असं तीच मला सांगते.

अभयारण्यात पोचलो ५.३० ला. वर गाडीतळ, तिथून पायऱ्या उतरून खाली डोह, आणि डोहाच्या काठी लाकडी लपण. लपण म्हणजे बाक टाकलेली खोली, समोर लेन्स घालायला फटी. ही खाली आली नाही. चहाचा थर्मास आणि विणकाम घेऊन गाडीत बसली. अर्धवट स्वेटर. कोणासाठी ते विचारलं नाही.

इथली वनरक्षक बाई फार बोलते, गाडीतळावरच आम्हा दोघांना गाठलं. कठड्याच्या पलीकडे जायचं नाही, डोहात मगर आहे, मोठी आहे, पाटी वाचली ना? पाटी उन्हाने पार पुसट झालेली. अशा पाट्या सगळीकडे असतात. मगर दाखवा म्हटलं, की कोणी दाखवत नाही.

धुकं प्रचंड. या वर्षी धुकं जरा जास्तच आहे. घरापासूनच होतं.

कॅमेऱ्याने पहिल्याच दिवशी दगा दिला. प्राण्याचा डोळा आपोआप हुडकून त्यावर फोकस करायची सोय आहे त्यात. त्याच सोयीसाठी हा कॅमेरा घेतला. तर ती हिरवी चौकट समोर पाण्यात पडलेल्या एका ओंडक्यावर जाऊन बसली. पुन्हा दाबलं, पुन्हा ओंडका. पाच वेळा! यंत्राला अक्कल नसते हे ऐकून होतो, पण लाकूड आणि जनावर यांतला फरक तरी कळावा?

परतताना हिने विचारलं, मगर दिसली का. नाही, म्हटलं.

५ नोव्हेंबर

कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने दुकानातल्या मांजरावर धरला. चौकट मांजराच्या डोळ्यावर. रस्त्यावरच्या कुत्र्यावर धरला. कुत्र्याच्या डोळ्यावर. मग माझ्यावर धरून म्हणाला, साहेब, कॅमेरा ठणठणीत आहे, हा नंबर घ्या, माझ्या सासऱ्याचे डोळे त्यांनीच केले.

कार्ड बघितलं तर तोच डॉक्टर. दोघांचं साटंलोटं असणार.

निर्णय: ऑटोफोकस बंद. यापुढे हाताने. जुने लोक काय हिरव्या चौकटी घेऊन फिरत होते का?

६ नोव्हेंबर, सकाळी ९

बिबट्या!!!

डोहाच्या पलीकडच्या काठावर. अंगावर ठिपके. बसलेला. मान किंचित डावीकडे. १८० फोटो काढले. एकदाही हलला नाही. काय बैठक! मी वळून बाकीच्यांना सांगणार होतो, पण लपणात मी एकटाच होतो. बरंच झालं. वाटेकरी नकोत.

फोटोत तो ओंडका मधे येतो. नेमके पंजे झाकले जातात.

हिला सांगितलं. ती म्हणाली, छान, आणि मगर? कुठली मगर, म्हटलं. बिबट्या बघितलेल्या माणसाला काय विचारावं याचं काही भान?

८ नोव्हेंबर

बिबट्या तिथेच. त्याच जागी, त्याच बैठकीत. तीन दिवस! शिकाऱ्याचा संयम काय असतो ते आज कळलं. आमच्या कारखान्यातली तरुण पोरं तीन मिनिटं टेबलावर बसू शकत नाहीत.

ओंडका मात्र आज डावीकडे होता. काल उजवीकडे होता. डोहाची पातळी बदलत असावी. फ्रेम पुन्हा लावावी लागली.

वनरक्षक बाईला म्हटलं, एवढं वनखातं आहे तुमचं, साधी पाण्यातली लाकडं काढत नाही. तिने विचारलं, कुठली लाकडं? मी हात केला. तोवर ओंडका बुडला होता. कुजला असणार.

९ नोव्हेंबर

भांडण. दवाखान्यातून घरी फोन आला, की नवीन तारीख कधी देऊ. फोन हिने घेतला.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी पण ओरडलो असतो आणि मिटलं असतं. ती फक्त म्हणाली, ही रजा कशासाठी मिळाली आहे ते तुम्हाला माहीत आहे, टेबल गेलं तर या वयात तुम्हाला दुसरीकडे कोण बसवून घेणार आहे? मी कलेचं महत्त्व समजावलं. डोळे बरे आहेत म्हटलं, नुसतं धुकं आहे. त्यावर तिने समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते विचारलं. मी म्हटलं, सव्वा दोन. तिने सांगितलं, की तिथे घड्याळ नाही, सहा महिन्यांपूर्वी बिघडलं म्हणून काढलं, ती ताटली टांगली आहे.

पण सव्वा दोनच वाजले होते. खिडकीतून उन्हाचा अंदाज असतो मला.

तह झाला: २० पर्यंत प्रदर्शन, २१ ला ऑपरेशन. तारीख तिने स्वतः घेतली आणि कागदावर इतक्या मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावली, की त्यात खोच आहे हे मला कळलं.

११ नोव्हेंबर

चारला उठलो नाही. ही पण उठवायला आली नाही. गोड खाल्लं.

१३ नोव्हेंबर, सकाळी १०

आज हातातोंडाशी आलेला घास गेला.

५.५५ ला काठावर हरीण आलं. तपकिरी काहीतरी चार पायांवर येऊन वाकलं, म्हणजे हरीणच. पलीकडे बिबट्या दबा धरून. आता झेपावणार! मी श्वास रोखून बटण दाबून धरलं. तेवढ्यात हरणाचा पाय घसरला असावा. केवढं पाणी उडालं! आणि त्या लाटेने ओंडका जो उसळला, तो थेट फ्रेमच्या मधोमध. सगळा चिखल, शेपटीसारखं काहीतरी, फेस. दोन मिनिटांनी पाणी शांत झालं तर हरीण नाही. घाबरून पळालं असणार. बिबट्या जागचा हलला नाही. त्याचंही मन खट्टू झालं असेल.

छत्तीस फोटो. सगळ्यांत ओंडका. जागच्या जागी पुसून टाकले. टाकाऊ माल टेबलावरूनच बाजूला करायचा, ही वीस वर्षांची शिस्त आहे माझी.

वर आलो तर हिने विचारलं, एवढा कसला आवाज झाला, मगर होती का. नाही, म्हटलं, हरीण घसरलं. ती पुन्हा विणायला लागली.

१५ नोव्हेंबर

क्लबची निवड समिती. मी बिबट्याचा सर्वोत्तम फोटो पडद्यावर लावला. शांतता पसरली. मला वाटलं, भारावले.

मग दंतवैद्याने विचारलं, यात शिकारी कुठाय. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, तो खडक आहे. मागून कोणीतरी हसलं. अध्यक्ष भला माणूस, त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाला, धूसर आहे, खडकावर पांढरे डाग असू शकतात, पण आपण घाई नको करूया. पंजे दिसतील असा एक फोटो आणा, मुदत २० आहे.

असूया माणसाला किती आंधळं करते!

पण मुद्दा पंजांचाच आहे. पंजे झाकतो कोण? ओंडका. सगळ्याचं मूळ तो ओंडका.

१६ नोव्हेंबर

सरकारी यंत्रणा काही करणार नाही. स्वतः मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही. उद्या पहाटे वनरक्षक बाई दुसऱ्या टोकाला फेरीवर असताना कठड्यावरून उतरायचं, ट्रायपॉडने ओंडका बाजूला ढकलायचा, वर यायचं, फोटो. एकूण चार मिनिटं.

हिला सांगणार नाही. उगाच काळजी करते.

१७ नोव्हेंबर

काही लिहायचं नाही.

१८ नोव्हेंबर

जे घडलं ते नोंदवून ठेवतो, कारण वनरक्षक बाईने तिच्या अहवालात भलतंच लिहिलं आहे.

ठरल्याप्रमाणे कठडा ओलांडला. त्याला तिने चढणे म्हटलंय. मी सफाईने ओलांडला. पाण्यापर्यंत गेलो. ओंडका दोन हातांवर होता. ट्रायपॉड लांब करून ढोसला. तो हलला. मला आनंद झाला, म्हटलं, सुटा आहे, जाईल वाहून. पुन्हा जोरात ढोसला.

तेव्हा ओंडक्याने तोंड उघडलं.

आतून पिवळसर होतं. दातांची रांग मात्र सरळ नव्हती, काही बाहेर, काही आत. अशा वेळी माणसाला काय दिसतं बघा. पाय हलेनात. वरून मघापासून शिट्टी ऐकू येत होती, बाईची असणार. आणि मग मागून माझ्या जाकिटाची कॉलर कोणीतरी अशी खेचली, की श्वास कोंडला. आम्ही दोघं मागे काठाच्या दगडांवर आदळलो. मी वर, खाली ही.

शिट्टी ऐकून ती गाडीतून खाली धावत आली होती. तीस पायऱ्या आणि वर तो कठडा. तिचे गुडघे दुखतात म्हणून ती एरवी घरातल्या स्टुलावर चढत नाही.

ट्रायपॉड गेला. मगरीने गिळला नाही, एकदा चावून सोडून दिला. चांगल्या कंपनीचा होता.

हिचं उजवं मनगट मोडलं. वनरक्षक बाईने जीपमधून दवाखान्यात नेलं. वाटेत बाई मला जे बोलली ते लिहीत नाही, अहवालात थोडं आलं आहे. हाडाच्या डॉक्टरने हिला विचारलं, कशा पडलात. ही म्हणाली, घरात पाय घसरला.

मी शेजारीच उभा होतो. मला लाज वाटली. एवढंच.

२१ नोव्हेंबर

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. टॅक्सीने गेलो, टॅक्सीने आलो. पट्टी आहे. डाव्या डोळ्याने अंदाजाने लिहितोय, ओळी कुठे जातायत ते देवाला माहीत.

प्रदर्शनाची मुदत काल संपली.

२३ नोव्हेंबर

पट्टी काढली. घरात धुकं नाही. रंग जरा जास्तच आहेत. सोफा हिरवा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी कॉम्प्युटर उघडला. सहा तारखेपासून २,३१६ फोटो. खडक आहे. सगळ्यांत. चांगला खडक आहे, डागही बरे आहेत, पण खडक.

मग पहिल्या दिवसाचं फोल्डर. त्यातला एक पुसायचा राहिला होता, ऑटोफोकस चालू होता तेव्हाचा. वेळ ५.५२. मोठा करून बघितला. चौकट जिथे बसली होती तिथे एक डोळा आहे. पिवळट, मधोमध उभी काळी फट, पापणीवरचा चिखलसुद्धा दिसतो. इतका रेखीव फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. काढला यंत्राने. डोळा सरळ लपणाकडे बघतोय, म्हणजे माझ्याकडे. मी रोज सकाळी दोन तास त्याच्यासमोर बसत होतो.

शिकारी होता. भक्ष्यही फ्रेमच्या अलीकडच्या बाजूला हजर होतं.

तेरा तारखेचे छत्तीस फोटो मी स्वतःच्या हाताने पुसले. यावर अधिक लिहीत नाही.

हिला बोलावून तो फोटो दाखवला. ती खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, मी रोज विचारायची मगर दिसली का, तुम्ही नाही म्हणायचात, म्हणून मी वर निवांत बसायची. नाहीतर पहिल्याच दिवशी तुम्हाला घरी आणलं असतं.

माझ्या डोळ्यांवर विसंबलेली या जगात एवढी एकच व्यक्ती होती. मॅनेजरनेसुद्धा नाद सोडला होता.

२५ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणतो, डाव्या डोळ्याचंही लगेच करून टाका. २८ रिकामी आहे म्हणे. त्याच्या रिकाम्या तारखा भरायला मीच बरा सापडलो.

मी शांतपणे विचार केला. कॅमेरा उजव्या डोळ्याला लावतात. फोटो काढताना डावा डोळा मिटलेलाच असतो. मिटलेल्या डोळ्याचं ऑपरेशन करून काय मिळणार? उलट, पहाट आत्ता सर्वांत छान आहे, पलीकडच्या माळावर ससाणे आलेत असं ऐकतो. ससाणा आणि उंदीर! पुढच्या वर्षीसाठी साठा करता येईल. तपासणीचं टेबल तर एका डोळ्याने सहज होईल. बटणाला भोकं चार असली तरी बघायची एकदाच असतात.

मुद्दे कागदावर काढून ठेवले आहेत. एकूण सात. डॉक्टरला तोंडावर सांगेन.

नवीन ट्रायपॉड बघून ठेवला.

२८ नोव्हेंबर

दवाखान्यात मुद्दे सांगायला गेलो. ही सोबत आली. तिने तारीख आधीच पक्की केली होती, कालच, मला न विचारता.

मी डॉक्टरला मिटलेल्या डोळ्याचा मुद्दा सांगितला. तो ऐकत होता, पण नर्सकडे बघून. दुसरा मुद्दा सुरू केला तेव्हा नर्सने संमतीचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, मी सही करणार नाही, अजून पाच मुद्दे आहेत. नर्स म्हणाली, चालेल, तोवर नातेवाइकाची सही घेऊन ठेवते.

हिने फॉर्म ओढून घेतला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. पेन डाव्या हातात धरलं. कागद सरकत होता, तो प्लास्टरच्या कोपराने दाबून धरला. एवढंसं नाव, पण लिहायला फार वेळ लागला. मधे एकदा पेन सुटलं, ते नर्सने उचलून दिलं. मी मुद्द्यांचा कागद हातात घेऊन उभा होतो.

लहान मूल पहिल्यांदा लिहितं तसं अक्षर आलं. शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलं होतं. टेबलाच्या अलीकडूनच मला ते स्वच्छ वाचता आलं.

मुद्द्यांचा कागद खिशात घातला आणि तिच्या नावाखाली सही केली.